सौद्यांच्या हिशेबासाठी गो की रस्ट?
सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांसाठी सौद्यांच्या नोंदी ठेवणारी आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) काढणारी प्रणाली नव्याने लिहायची असेल, तर गो आणि रस्ट या दोन्ही प्रोग्रामिंग भाषांचा विचार करावा. मी दोन्हींत असे काम केले आहे. गोची बाजू दुबळी नाही: तिचा कंपायलर (लिहिलेला कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) वेगवान आहे, आणि वालचंद महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुले तिच्यात लवकर रुळतात. रस्टमध्ये मालकी आणि उसनवारीचे नियम (मूल्य कोणाच्या ताब्यात आणि ते तात्पुरते कोण वापरणार, याचे) अंगवळणी पडेपर्यंत बराच त्रास होतो.

माझे मत ठरले ते दराच्या कोऱ्या रकान्यामुळे. हळदीची पोती यार्डात उतरली, नोंद झाली, पण सौदा अजून निघायचा आहे, अशा वेळी दर ठाऊक नसतो. गोमध्ये मूल्य न दिलेली संख्या शून्य धरली जाते. जेसन या माहिती पाठवण्याच्या मजकुरी स्वरूपातील नोंदीत दर आलाच नाही, तरी हाती शून्यच पडते. मग 'दर ठरलेला नाही' आणि 'दर शून्य' यांत फरक उरत नाही, आणि हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या पट्टीवर उणे रक्कम छापली जाऊ शकते. पॉइंटर, म्हणजे मूल्याचा पत्ता, वापरून हा भेद राखता येतो, हे खरे. पण तो निल, म्हणजे रिकामा, आहे का, हे तपासण्याची सक्ती कंपायलर करत नाही, आणि राहून गेलेली तपासणी प्रोग्राम चालू असताना कोसळल्यावरच कळते. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नल, म्हणजे हाच रिकामा पत्ता, आणला आणि २००९ मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. गो त्याच वर्षी जाहीर झाली, ती निल घेऊनच.

रस्टमध्ये असा दर ऑप्शन (मूल्य असेल किंवा नसेल, असे सांगणारा टाइप, म्हणजे मूल्याचा प्रकार) म्हणून लिहिला, की तो नसल्यास काय करायचे हे सांगितल्याशिवाय वजनाशी गुणाकारच करता येत नाही. ही कल्पना मूळची एमएल घराण्यातील भाषांची आहे. 'मूल्य आहेच' असे धरून चालणारे अनरॅप लिहून जबाबदारी टाळता येते, पण निदान ती टाळलेली जागा कोडमध्ये शोधता येते. सौद्याच्या अवस्थांमध्ये 'फेरसौदा' ही नवी अवस्था घातली, की जिथे जिथे तिचा विचार झालेला नाही तिथे कंपायलर अडवतो, मात्र मॅचमध्ये, म्हणजे प्रत्येक अवस्थेसाठी काय करायचे ते सांगणाऱ्या रचनेत, 'बाकी सर्व' असा फाटा ठेवलेला नसावा. गोमधली तशीच रचना, स्विच, अशा वेळी काहीच बोलत नाही. या धाकाची एकदा सवय झाली, की दुसऱ्या भाषेतील प्रत्येक फंक्शनच्या उत्तरापाशी मन अडखळते: हे मूल्य नसलेच तर? आणि त्याचे उत्तर टाइपमध्ये लिहिलेले नसते.

नुसती माहिती इकडून तिकडे पोचवणारी सेवा असेल आणि काम करणारी माणसे वरचेवर बदलणार असतील, तर गो सोयीची ठरेल. पट्टीचा हिशेब मात्र, जमल्यास, रस्टमध्ये लिहावा आणि त्या भाषेसाठी सुरुवातीचा जास्तीचा वेळ आधीच धरून ठेवावा, असे मी सुचवेन.