रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा कोर्स: रेकॉर्डेड घ्यावा की केस-ग्रुप?

वॉरफेरिन, हेपॅरिन, डोॲक (ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांसारख्या नव्या गोळ्या) हे सगळं एकदा नीट शिकून घ्यायचं ठरवलेल्या फार्मासिस्टसमोर साधारण दोन पर्याय असतात. एक म्हणजे रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, प्रत्येक भागानंतर क्विझ आणि शेवटी सर्टिफिकेट. दुसरा म्हणजे छोटा ग्रुप, एक मेंटॉर आणि काही आठवडे चालणाऱ्या केसेस. मी दोन्ही केलेत. क्रेडिट किती आणि तास किती हे माहितीपत्रकात असतंच, त्यात जात नाही. एका दिवसाच्या कार्यशाळाही असतात. तिथे ओळखी होतात, नोट्सची फाईल मिळते, पण डोस ठरवण्यावर हात बसत नाही. म्हणून त्या सोडून देतो.

आधी रेकॉर्डेड कोर्सबद्दल, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. डोॲकचा भाग तिथे खरोखर चांगला शिकवलेला असतो. डोॲकमधले बरेच निर्णय एका बैठकीत होतात, हे त्यामागचं कारण असावं. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराच्या) पेशंटचं ॲपिक्साबॅन ५ मिग्रॅवरून २.५ वर आणायचं, तर वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. फक्त वय बघून डोस अर्धा केलेलं प्रिस्क्रिप्शन आपल्यापैकी कुणी पाहिलं नसेल असं वाटत नाही. रिव्हारोक्साबॅनची १५ आणि २० मिग्रॅची गोळी जेवणासोबत घ्यायची. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायची नाही, आणि ते बहुतांशी किडनीवाटे जातं म्हणून क्रिएटिनिन क्लिअरन्स काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे सगळं तक्त्यात बसतं, आणि तक्ता स्क्रीनवर थांबवून हवा तितका वेळ बघता येतो. हेपॅरिननंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेट पडल्या तर काय शंका घ्यायची, ऑपरेशनआधी कोणती गोळी किती दिवस थांबवायची, असले भागही मी तिथेच पक्के केले. रात्री काम संपल्यावर, कुणाची वाट न बघता.

फक्त रेकॉर्डिंग कधीचं आहे ते विचारून घ्या. हा विषय बऱ्यापैकी वेगाने सरकतो. माझी एक साधी चाचणी आहे. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या पेशंटमध्ये रिव्हारोक्साबॅनपेक्षा वॉरफेरिनच्या जातीची औषधं सरस ठरली, हे २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत दिसलं. कोर्समध्ये तिचा उल्लेखच नसेल तर मजकूर शिळा आहे. यांत्रिक झडपेत डॅबिगॅट्रान चालत नाही हे मात्र २०१३ पासून माहीत आहे, तेवढं जुन्या कोर्समध्येही सापडतं. स्टेंट टाकल्यानंतर ॲस्पिरिन किती दिवस ठेवायचं, यावर २०१९ च्या ऑगस्टस चाचणीनंतर बोलणं बदललं. तो भागही चाळून बघा.

इथवर वाचून रेकॉर्डेडच बरं वाटत असेल तर त्यात गैर नाही. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं. माझं मत फिरलं ते एकाच त्रासामुळे, आणि तो त्रास सगळ्यांना तितकाच जाणवेल असं मी म्हणणार नाही.

रेकॉर्डेड कोर्समधला पेशंट उत्तर दिलं की गायब होतो.

समजा वॉरफेरिनवर स्थिर असलेल्या बाईंना लघवीच्या इन्फेक्शनसाठी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक सुरू झालं आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, जितका जास्त तितकं रक्त पातळ) ५.२ आला. रक्तस्राव नाही. चार पर्याय दिलेले असतात. एक-दोन डोस वगळा, व्हिटॅमिन के (वॉरफेरिनचा उतारा) देऊ नका, आयएनआर लवकर परत बघा, हा पर्याय निवडला की हिरवी खूण येते आणि पुढच्या स्लाइडवर दुसराच माणूस, त्याची मायट्रल झडप, त्याचं २.५ ते ३.५ चं टार्गेट. उत्तर बरोबरच होतं. आयएनआर ४.५ ते १० असून रक्तस्राव नसेल तर व्हिटॅमिन के सरसकट देऊ नये, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. पण त्या बाईंचं पुढे काय झालं? अँटिबायोटिक संपलं कधी? डोस वगळल्यानंतर सुरू केला तो जुनाच, की कमी केलेला? कमी केला असेल, तर अँटिबायोटिकचा परिणाम ओसरल्यावर आयएनआर २ च्या खाली गेला का? या औषधाची खरी कटकट दुसऱ्या आठवड्यात असते, आणि क्विझला दुसरा आठवडाच नाही.

वॉरफेरिनच्या बाबतीत ही उणीव छोटी नाही. औषध रक्तात आधीपासून असलेल्या, रक्त गोठवणाऱ्या घटकांना हात लावत नाही, नव्याने तयार होणाऱ्यांना अडवतं. सातव्या घटकाचं अर्धायुष्य सुमारे सहा तास, दुसऱ्याचं, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनचं, साधारण ६० ते ७२ तास. म्हणून आज बदललेला डोस आयएनआरमध्ये दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि तो पुरता स्थिरावायला त्याहून बरेच जास्त. सुरुवातीला आयएनआर चढतो तो सातवा घटक लवकर संपतो म्हणून. गुठळीपासूनचं खरं संरक्षण तेव्हा आलेलं नसतं, आणि म्हणूनच ताज्या गुठळीत हेपॅरिन किमान पाच दिवस सोबत चालू ठेवतात. ही माहिती रेकॉर्डेड कोर्समध्येही होती, उत्तम ॲनिमेशनसकट. पण उशिरा परिणाम दिसणारं औषध तत्काळ निकाल देणाऱ्या क्विझवर शिकायचं, हे म्हणजे काठावर उभं राहून पोहायला शिकणं झालं.

अमिओडॅरोन या हृदयाच्या ठोक्यांवरच्या औषधाचं घ्या. वॉरफेरिनचा डोस एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करावा लागतो, हे वाक्य पाठ करायला सोपं. पण ते औषध शरीरात हळूहळू साठतं, आयएनआर काही आठवडे चढत राहतो, आणि बंद केल्यावरही परिणाम लगेच जात नाही. मग डोस पहिल्याच दिवशी कापायचा की आयएनआर बघत टप्प्याटप्प्याने? एका प्रश्नात हे मावतच नाही.

केस-ग्रुपमध्ये एक साधी पद्धत होती. प्रत्येक पेशंटचा एक तक्ता: तारीख, आयएनआर, सात दिवसांचा एकूण डोस, पेशंट काय म्हणाला, आपण काय ठरवलं. आपला निर्णय आणि पुढची तपासणी कोणत्या दिवशी हे लिहून पाठवलं की मगच मेंटॉर पुढचा आयएनआर द्यायचे. तोही आपण मागितलेल्या दिवसाचा. फार लवकर मागितला तर डोसचा परिणाम दिसायच्या आतला आकडा मिळायचा, आणि त्यावर पुन्हा डोस बदलण्याचा मोह व्हायचा. ग्रुपमधल्या बहुतेकांचा आलेख सुरुवातीला करवतीच्या दात्यांसारखा वरखाली झाला. एरवी स्थिर असलेल्या पेशंटचा एखादाच आयएनआर टार्गेटच्या ०.५ इतकाच बाहेर असेल तर डोस तोच ठेवून एक-दोन आठवड्यांत परत तपासावं, ही सूचना मी कितीदा तरी वाचली होती. तिच्यामागचं कारण त्या आलेखांत उघड दिसलं.

दुसरा फरक आकड्यांचा. क्विझमध्ये 'साप्ताहिक डोस १० टक्के कमी करा' एवढं उत्तर पुरतं. मेंटॉर विचारायचे, कोणत्या गोळीने आणि कोणत्या वारी? आठवड्याचा डोस ३५ मिग्रॅ असेल आणि पेशंटकडे ५ मिग्रॅच्याच गोळ्या असतील, तर १० टक्के म्हणजे ३.५ मिग्रॅ होतात, आणि ते काही जमत नाहीत. एका वारी अर्धी गोळी घेतली तर सुमारे ७ टक्के कमी होतात, दोन वारी घेतली तर १४. यातलं काय निवडायचं ते आधीच्या आकड्यांवर, आणि अर्ध्या गोळीचे वार पेशंटच्या लक्षात राहतील का, यावरही ठरतं. वेगळ्या शक्तीची गोळी देणं कागदावर अचूक असतं, पण घरात दोन रंगांच्या गोळ्या आल्या की नवा घोळ सुरू होतो. अशी चर्चा मला रेकॉर्डेड कोर्समध्ये कुठेच मिळाली नाही. कदाचित माझ्याच कोर्समध्ये नसेल.

पेशंटशी बोलण्याचंही तसंच. डोस चुकला का, नवं औषध, खाण्यात बदल, दारू, जुलाब, कुठे रक्त दिसलं का, ही यादी दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की केस-ग्रुपमध्ये मेंटॉर स्वतः पेशंट व्हायचे आणि "नवीन औषध काहीच नाही" म्हणून ठामपणे सांगायचे. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नानंतर कळायचं की गुडघ्यासाठी आठवडाभर रोज पॅरासिटामॉल चालू आहे, भरपूर, आणि आयएनआर चढलाय तो त्यानेच. चिठ्ठीशिवाय घेतलेलं ते औषध नव्हेच, असं बऱ्याच पेशंटना मनापासून वाटतं. त्यामुळे प्रश्न 'औषध' या शब्दाने न विचारता 'काय काय घेताय, दुखलं तर काय घेता' असा विचारायची सवय लागली.

आता केस-ग्रुपची दुसरी बाजू. वेळ ठरलेली असते आणि ती कुणासाठी हलत नाही. आवाका कमी: आमच्या ग्रुपमध्ये डोॲक घाईत उरकलं गेलं, हेपॅरिनला जेमतेम जागा मिळाली. दोघं-तिघं बोलतात, बाकीचे कॅमेरा बंद करून बसतात. आणि सगळं मेंटॉरवर अवलंबून असतं. चांगला मेंटॉर 'ही माझी सवय, आणि ही सूचना' असं वेगवेगळं सांगतो. सगळेच सांगतात असं नाही, आणि मग एखाद्याची वैयक्तिक आवड नियम म्हणून डोक्यात बसते. उत्तर यायला दोन-तीन दिवस लागायचे त्याचाही कंटाळा यायचा. पण वॉरफेरिनसुद्धा दोन-तीन दिवस थांबायलाच लावतं, असं मी स्वतःला समजावायचो.

तुमच्याकडे येणारे पेशंट बहुतेक डोॲकवर असतील आणि तुमचं काम मुख्यतः प्रिस्क्रिप्शन तपासण्याचं असेल, तर ताजं रेकॉर्डिंग असलेला कोर्स पुरेसा आहे. केस-ग्रुपसाठी आठवड्याचं वेळापत्रक मोडू नका. पण झडपांचे पेशंट असतील, किंवा आयएनआर बघून डोस सुचवणं तुमच्या कामात असेल वा येणार असेल, तर माझा कौल केस-ग्रुपला. दोन्ही करणं शक्य असेल तर रेकॉर्डेड आधी उरका. परस्परक्रिया आणि टार्गेट तोंडपाठ नसताना केस-ग्रुपमध्ये गेलात तर पहिले आठवडे पुस्तक धुंडाळण्यातच जातील.

केस-ग्रुपच्या नावाखालीही कधीकधी रेकॉर्डेड क्विझच विकली जाते, फक्त वर झूमची बैठक लावून. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांकडे मागच्या तुकडीतल्या एका केसचा पूर्ण तक्ता मागा. त्यात एकाच पेशंटच्या निदान चार-पाच तपासण्या दिसल्या पाहिजेत, आणि मधली एखादी अशीही हवी जिथे आकडा किंचित बाहेर आहे आणि निर्णयाच्या रकान्यात 'डोस तोच' एवढंच लिहिलं आहे.