आर्वो पार्ट यांचं ‘दा पाचेम दोमिने’: पाच मिनिटं द्या, पण हेडफोन लावून

रेल्वेच्या नागपूर विभागात ३१ वर्षं गार्डाची नोकरी केली, त्यामुळे ही प्रार्थना कशी जन्मली ते कळल्यावर मी ती पुन्हा पहिल्यापासून ऐकली. ११ मार्च २००४ ला माद्रिदमध्ये सकाळी कामावर निघालेल्या माणसांनी भरलेल्या चार लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले. दोन दिवसांनी एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट ही रचना लिहायला बसले. स्पेनमधले संगीतकार जोर्दी सावाल यांनी त्यांच्याकडे बार्सिलोनाच्या शांती मैफलीसाठी काहीतरी मागितलं होतं. त्यातून माद्रिदच्या मृतांसाठी ही प्रार्थना झाली.

शब्द जुने, लॅटिन; आधार नवव्या शतकातल्या ग्रेगोरियन गाण्याचा, म्हणजे चर्चमधल्या जुन्या एकसुरी स्तोत्रगायनाचा. ‘प्रभो, आमच्या दिवसांत शांती दे, आमच्यासाठी लढणारा तुझ्यावाचून दुसरा कोणी नाही.’ एवढंच मागणं.

मी ऐकतो ते एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायर या गायकवृंदाचं ध्वनिमुद्रण, संचालक पॉल हिलियर. त्या अल्बमला २००७ मध्ये ग्रॅमी मिळालं. या प्रार्थनेला साथीला एकही वाद्य नाही. सूर इतके सावकाश सरकतात की तानपुरा लावून कुणी डोळे मिटावेत तसं वाटतं. ‘पुग्नेत’, म्हणजे लढणं, हा शब्द येतो तेव्हाही लय वाढत नाही. मला सगळ्यात जास्त तेच भिडतं. मोबाईलच्या स्पीकरवर मात्र बास, म्हणजे पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज, पार हरवतो आणि वरचे आवाज अधांतरी लटकतात. तसं ऐकून ‘काही खास नाही’ म्हणू नका.

गेल्या गुड फ्रायडेला आमच्या क्वायरने हे बसवलं. कागदावर सोपं दिसतं. उड्या नाहीत, हरकती नाहीत. पण लांब सूर धरताना सगळे एकदम श्वास घेऊ लागले की भिंतीला भोक पडल्यासारखं होतं. शेवटी पेटीवर सूर तपासला तर आम्ही अर्धा स्वर खाली उतरलो होतो. मला फार वाईट वाटलं, कारण मी बासमध्ये आहे आणि पाया आम्हीच सोडला होता.

तरी उपासनेनंतर रेल्वेतलेच एक जुने मोटरमन जागेवरून उठले नाहीत. त्यांना मी माद्रिदचं सांगितलं नव्हतं.

येत्या उपवासकाळात पुन्हा गाणार आहोत. आता शेजाऱ्याशी ठरवून, आळीपाळीने श्वास घ्यायचा.