काळ्या गाडीचा ताजा रंग, स्वर्ल मार्क आणि डीए पॉलिशर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

सुरुवातीला या डीए पॉलिशरला, म्हणजे पॅड गोल फिरवतानाच डोलवणाऱ्या पॉलिश मशीनला, मी भरपूर नावं ठेवली. आता ठेवत नाही. पण त्याच्या वायरचा राग अजून गेलेला नाही, त्यावर पुढे सविस्तर लिहितोच. पॅड लावायची ५ इंची प्लेट, १५ मिमी थ्रो (पॅड डोलतो तो पल्ला), सहा स्पीड हे सगळं तुम्ही वाचलेलं असेलच.

घ्यायची वेळ आली ती वर्कशॉपमुळे. विम्याच्या क्लेममध्ये बॉनेट आणि डावीकडची दोन्ही दारं नव्याने रंगवून मिळाली. उन्हात पाहिलं तर बॉनेटभर रोटरीने (पॅड नुसता गोल फिरवणाऱ्या पॉलिश मशीनने) उमटवलेले कमानीसारखे पट्टे, आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, म्हणजेच स्वर्ल. "साहेब, दोनदा धुतली की जाईल," असं उत्तर मिळालं. जात नाही! धुण्याने जातं ते ओरखडे भरणारं वरचं तेलकट ग्लेझ, आणि ते गेलं की झाकलेले ओरखडेही वर दिसायला लागतात. त्यावर वर्कशॉपने सिरॅमिक कोटिंगचं (रंगावर चढवायच्या संरक्षक थराचं) पॅकेज पुढे केलं. ताज्या रंगातलं सॉल्व्हंट अजून बाहेर पडत असतं, त्याला वरून बंद करायचं आणि स्वर्लही कायमचे आत कोंडायचे, याचे पैसे मी का द्यावेत? डिटेलिंगवाल्याने, म्हणजे गाडी चमकवून देणाऱ्याने, १८,००० सांगितले. मशीन, पॅड आणि पॉलिश धरून माझे ८,००० च्या आत भागले.

पहिला प्रयोग दाराच्या खालच्या कोपऱ्यात केला आणि मशीन अगदीच दुबळं वाटलं. कंपाउंड (जास्त घासणारं, जाडसर पॉलिश) चिकट होऊन पॅडवर गोळे धरत होतं, जोर दिला की प्लेट फिरायची थांबून नुसती थरथरत होती. रोटरीच घ्यायला हवा होता, असं तेव्हा ठाम मत झालं होतं.

ते मत बदललं. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. वर्कशॉपमध्ये तयार गाडीला प्लास्टिक आणि वायरिंग असल्यामुळे ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं, आणि क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पुढे काही आठवडे कडक होत राहतो. महिनाभर थांबून त्याच कोपऱ्यावर पुन्हा फिरवलं तर गोळे झालेच नाहीत. कंपाउंड बाजूला ठेवलं, मऊ फोमचा फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश घेतलं. दोन फुटांचा चौकोन, आधी आडवे मग उभे हात, अगदी सावकाश. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा, म्हणजे प्लेट फिरतेय की अडकलीय ते लगेच कळतं. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचा, पातळ केलेल्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायचं आणि टॉर्च तिरकी धरून बघायचं. आयपीएने पुसल्याशिवाय स्वर्ल गेले म्हणू नका, तेलाने भरलेला ओरखडाही गुळगुळीत दिसतो. डीएचा पॅड फिरतानाच डोलत असतो, त्यामुळे रोटरीसारखे एका दिशेचे पट्टे उमटत नाहीत. काळ्या रंगावर मला नेमकं हेच हवं होतं.

आता वायर. आखूड आहे आणि कडक आहे. बॉनेटच्या मध्यावर पोचलं की ती पत्र्यावर घासते, आणि एवढ्या मेहनतीने साफ केलेल्या जागेवर तिची बारीक रेघ उठते. खांद्यावरून घेतली तर वळताना घसरते. शेवटी सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्यावर चढवली आणि ती पाठीमागून पट्ट्यात अडकवली. चार मीटर मऊ रबरी वायर द्यायला कंपनीला फार पडले नसते. पत्र्यावर फिरवायच्या यंत्राला अशी वायर देणं मला अक्षम्य वाटतं, आणि एक तारा मी फक्त यासाठी कापतोय.

पावसाळा गेला तरी दारं टॉर्चखाली स्वच्छ आहेत. त्याचं अर्धं श्रेय सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या मामांना. रोज पहाटे कोरडं फडकं धुळीवरून फिरलं तर कुठलंही पॉलिश महिनाभरही टिकणार नाही. "साहेब, सगळ्यांच्या गाड्या याच फडक्याने पुसतो," ते म्हणाले. "मामा, तुम्ही काचा आणि चाकंच करा, पैसे तेच देतो," एवढं बोलणं पुरलं. रविवारी मी दोन बादल्या घेऊन धुतो, आणि बोअरचं पाणी पत्र्यावर वाळू देत नाही.

हँडलच्या खोबणीतले नखांचे ओरखडे राहिलेत. तिथे ३ इंची प्लेट लावावी असं वाटेल, पण मशीनचं वजन ५ इंचीला तोललेलं असतं, लहान प्लेटवर ते हात बधिर करतं. आणि कारखान्याचा क्लिअरकोट झाला तरी साधारण ४०-५० मायक्रॉनचाच, वर्कशॉपने किती दिलाय ते मोजलेलं नाही. म्हणून तेवढी जागा फोमच्या तुकड्यावर पॉलिश घेऊन हातानेच करतोय, आणि खोल गेलेला एक ओरखडा तसाच सोडलाय.