लेझर की एंटरप्राइझ? पुण्याच्या धरणांवर वल्हवणाऱ्यांसाठी नव्हे, शीडवाल्यांसाठी

लहानशी, ट्रेलरवर नेता येईल अशी शिडाची होडी पुण्यात बहुतेकदा सेकंडहँडच घेतली जाते आणि चर्चा फिरून दोन नावांवर येते. एक लेझर, एकट्याने चालवायची (2019 पासून अधिकृत नाव आयएलसीए, पण म्हणतात सगळे लेझरच), आणि दुसरी एंटरप्राइझ, दोघांची. तुम्हाला होडी चालवता येते असे धरून मापे, वजनांच्या तपशिलात शिरत नाही. धरणात उतरायची परवानगी दोन्हींना सारखीच काढावी लागते, त्यामुळे तो विषयही बाजूला.

धरणाकडे नेताना, सिंहगड रस्त्यावर लेझर सरळ जिंकते. नुसत्या होडीचा सांगाडा 60 किलोच्या आतबाहेर, डोलकाठी दोन तुकड्यांत. एंटरप्राइझची डोलकाठी अखंड असते, ती ट्रेलरच्या बाहेर येते, टोकाला लाल फडके बांधा आणि धायरी फाट्यावर मागच्या दुचाकीवाल्याकडे आरशात बघत बसा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र दोन्ही होड्या सारख्याच नकोशा असतात.

जोडणीतही लेझरच पुढे. दोन नळ्या एकमेकींत घालायच्या, शिडाची बाही वरून चढवायची, काठी भोकात उभी करायची, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी), सुकाणू, दोनचार दोऱ्या, झाले. एंटरप्राइझला काठी धरून ठेवणाऱ्या तारांचे ताण, बाजूचे दोन, पुढचा एक, शिवाय हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, नेमका गुंतलेला. पिनांच्या बारीक रिंगा गवतात पडल्या की सापडत नाहीत; जास्तीच्या खिशात ठेवाव्यात. काठी धरायला दुसरा माणूस असला तर बरे. (कुठलीही काठी उभी करण्याआधी वर विजेची तार नाही ना, ते बघा. ॲल्युमिनियम आहे.)

एवढे वाचून लेझर घ्यावीशी वाटेल. मी एंटरप्राइझ घेतली, ती एकाच वैतागापायी: लेझरचे शीड पाण्यावर खाली घेता येत नाही. त्याला हॅलियर्डच नाही. काठी उभी राहिली की शीडही उभे.

आपल्याकडे चांगला वारा मार्च ते मे, दुपार कलल्यावर पश्चिमेकडून येतो. नेमके तेव्हाच पानशेत, वरसगावचे पाणी खाली सोडून सोडून आटलेले असते. खडकवासल्याचे धरण लहान, दोन टीएमसीच्या आतले, पण ते वरून भरत राहते म्हणून तिथला काठ तितका मागे सरत नाही. वरच्या धरणांवर गाडीपासून पाण्यापर्यंत चिखल आणि दगडांचा लांब उतार लागतो. त्यावरून ट्रॉली ओढताना लेझरचे शीड फडफडत असते आणि बूम डोक्याशी सलगी करते. पाण्याच्या कडेला जाऊन काठी उभी करावी, तर शीड चढवलेली ती सहा मीटरची काठी वाऱ्यात सांभाळायची. चहाला काठावर आलात की पुन्हा तेच. बूम सोडून शीड काठीभोवती गुंडाळता येते, मीही गुंडाळायचो. पण दर वेळी सोडा, गुंडाळा, उलगडा, बांधा.

एंटरप्राइझची काठी गाडीजवळ सपाटीवर उभी करतो, शिडे पिशवीत. पाण्यात नाक वाऱ्याकडे केले, दोरी ओढली, निघालो. वारा काठाकडे वाहत असेल तर परतताना जरा लांबच मोठे शीड उतरवतो आणि नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर, सावकाश येतो. काठावर पोरे डुंबत असली की हा सावकाशपणा फार मोलाचा वाटतो.

लेझरवाले म्हणतील, आमच्या काठीला ताण नाहीत, मागून वारा असला तरी मेनशीट (शीड आवळून धरणारी दोरी) सोडली की शीड पुढे फिरून मोकळे होते. खरे आहे. हात बसलेल्यांना ते सहज जमते. शिवाय कलंडली तर लेझर एकटा माणूस सरळ करून पुढे जातो. जुन्या एंटरप्राइझमध्ये पाणी भरते, बादली लागते. आणि एंटरप्राइझला जोडीदार हवा, तो रविवारी सकाळी फोन उचलेलच असे नाही. घरचेच माणूस तयार केलेले बरे. 1982 च्या एशियाडमध्ये एंटरप्राइझ वर्गाचे सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या पती-पत्नींनी नेले होते.

मुलाला किंवा मुलीला स्पर्धेत उतरवायचे असेल तर माझे ऐकू नका, लेझर घ्या. 1996 पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. एकट्यानेच जायचे असेल तरी बहुधा तीच. दोघांनी जाऊन, मध्ये थांबून, डबा खाऊन यायचे असेल तर मात्र मी एंटरप्राइझकडेच बोट दाखवीन.

घेताना एवढे बघा: लेझरच्या काठीच्या भोकात पाणी भरून थोडा वेळ थांबा; पातळी उतरली तर सांगाड्यात गळती आहे, सौदा सोडा. एंटरप्राइझच्या ताणांवरून, विशेषतः खालच्या टोकाशी, चिंधी फिरवा. धागा अडकला तर तारेची एखादी पेड तुटली आहे. ताण नवे घालावे लागतील, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.