पेरोव्हस्काइटवर कोणता थर: पीएमएमए की फेरोइलेक्ट्रिक पॉलिमर?

2009 साली 3.8 टक्के कार्यक्षमतेवर असलेला पेरोव्हस्काइट (एका खास स्फटिकरचनेचा पदार्थ) सौरघट आज 25 टक्क्यांपुढे गेलाय. आता झगडा आहे तो पृष्ठभागावरच्या दोषांशी. पीएमएमए, म्हणजे आपलं ॲक्रिलिक, तिथले उघडे शिसे-आयन कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनच्या) गटांनी बांधून टाकतं. सोपं, पण काम तेवढंच.

पीव्हीडीएफ-टीआरएफई या फेरोइलेक्ट्रिक पॉलिमरची गंमत वेगळी. साखळीच्या एका बाजूला फ्लोरिन, दुसरीकडे हायड्रोजन. बाहेरून विद्युत क्षेत्र दिलं की त्यातून बनलेले द्विध्रुव (एक टोक धन, एक ऋण) एका दिशेला वळतात आणि क्षेत्र काढल्यावरही बरेचसे तसेच राहतात. त्या ओढीने इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन जागा) पुन्हा भेटण्याआधीच दूर होतात, व्होल्टेज वाढतं. दिशा उलटी बसली तर मात्र उलटाच फटका!

दोन्ही विद्युतरोधक, त्यामुळे थर जेमतेम काही नॅनोमीटरचा हवा. मी फेरोइलेक्ट्रिकच घेईन, पण पोलिंगची, म्हणजे क्षेत्र देऊन द्विध्रुव वळवण्याची, कटकट सोसायची तयारी असेल तरच.