बीचवर्थच्या जुन्या मनोरुग्णालयाची बाग: भिंतीसाठी तरी पाहाच

मेलबर्नहून गाडीने साधारण तीन तासांवर असलेल्या बीचवर्थ या सोन्याच्या खाणींमुळे वाढलेल्या गावात ‘मेडे हिल्स’ हे मनोरुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले आणि १९९५ मध्ये बंद पडले. बहुतेक लोक इथे रात्री भुतांच्या गोष्टी ऐकायला येतात. ज्यांना ते रुचते त्यांनी खुशाल जावे. आम्ही एप्रिलअखेरीस भर दुपारी फक्त बाग पाहायला गेलो.

बाग सुमारे ११ हेक्टरांची आहे. दिवस पानगळीचे असल्याने ओक आणि एल्मच्या पिवळ्या पानांचा खच पडलेला होता आणि त्यामागे गडद हिरवे सूचीपर्णी वृक्ष उभे होते. टेकडीवरची मोकळी हवा, झाडी आणि हाताला काम यांनी मन ताळ्यावर येते, अशी त्या काळच्या डॉक्टरांची धारणा होती, त्यामुळे बागेकडे उपचार म्हणूनच पाहिले जाई. भोवती शेकडो एकर शेतजमीन, भाजीमळा, फळबागा आणि डुकरे पाळण्याची जागा होती, आणि तिथे राबणारे हात बरेचसे रुग्णांचेच होते. उपचार कुठे संपत होता आणि फुकटची मजुरी कुठे सुरू होत होती, हे ठरवणे मला तरी जमले नाही.

खरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे ‘हा-हा’ नावाच्या भिंतीचा उरलेला भाग. बाहेरून ती अगदी बुटकी, एखाद्या बंगल्याच्या कुंपणासारखी दिसते. रस्त्याने जाणाऱ्याला तुरुंगाची आठवण होऊ नये, हा तिचा हेतू. आतल्या बाजूने मात्र हिरवळ उतरत उतरत चरात जाते आणि चराच्या तळाशी उभे राहिले की तीच भिंत डोक्याच्या वर जाते. रुग्णाला दूरवरचे डोंगर दिसत राहावेत, पण पलीकडे पाऊल टाकता येऊ नये, अशी ही योजना आहे. नाव ऐकून आमची मुलगी खिदळली होती, तळाशी उभी राहिल्यावर तिने “मग ते बाहेर कसे जायचे?” एवढेच विचारले.

इमारती आता खासगी मालकीच्या असल्याने त्या बाहेरूनच पाहाव्यात. उतारावर ओली पाने फार निसरडी असतात, हे मी बसकण मारून शिकलो. पक्के बूट घालूनच जा आणि निदान दोन तास हाताशी ठेवा.