ठाण्यातील सामुदायिक नृत्यकेंद्र: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

वागळे इस्टेट परिसरातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या नृत्यकेंद्रात मी गेल्या जूनपासून भरतनाट्यम शिकते आहे. माझी नववीतली मुलगी माझ्या आधी वर्षभर तिथे जात होती. तिला सोडायला जाऊन बाकावर बसून राहण्यापेक्षा आपणही शिकावे, असे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वाटले आणि प्रौढांच्या तुकडीत नाव घातले. केंद्र एका सार्वजनिक न्यासाचे आहे. नृत्यवर्गाचे शुल्क, वेळा आणि परीक्षांची माहिती कोणीही देते. परंतु संस्था ज्या कामासाठी उभी राहिली ते काम ती आजही करते का, हे आत काही महिने काढल्याशिवाय समजत नाही, म्हणून या अनुभवात मी मुख्यतः त्याविषयीच लिहिते आहे.

केंद्राची सुरुवात ज्या शिक्षिकेने केली त्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणतात. कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांतील मुलींसाठी एका चाळीच्या मोकळ्या खोलीत त्या रविवारी वर्ग घेत, आणि त्यातूनच पुढे न्यास झाला. वागळे इस्टेट ही राज्यातील सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक; पुढे कारखाने कमी झाले, कार्यालये आणि उंच इमारती आल्या, तरी सावरकर नगर, लोकमान्य नगर या बाजूंनी येणारी मुले कमी झाली नाहीत. आज एकाच रांगेत घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलातली मुलगी आणि रिक्षाचालकाची मुलगी शेजारी उभ्या राहून तट्टडवू करतात, म्हणजे पाऊल आपटण्याचा अगदी सुरुवातीचा अडवू (नृत्यातील मूळ हालचाल). शुल्कावाचून कोणाला परत पाठवायचे नाही, हे न्यासाच्या उद्दिष्टांत नमूद आहे आणि ते खरोखर पाळले जाते, याची खात्री मला हळूहळू पटली.

शुल्काचे तीन टप्पे आहेत आणि आपण कोणत्या टप्प्यात बसतो हे पालकांनी स्वतःच लिहायचे असते; त्यासाठी दाखला मागत नाहीत. कोण किती भरते हे फक्त कार्यालयातील एका व्यक्तीला माहीत असते, शिकवणाऱ्या ताईंनाही नाही. सरावाची साडी सर्वांना एकाच रंगाची, सुती. लहान झालेल्या साड्या धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवतात आणि नव्या मुलींना त्यांतूनच देतात. माझ्या मुलीची पहिली साडीही त्याच कपाटातून आली. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण गरजू मुलीला वेगळे काढून मदत केली की ती मदत तिच्या अंगाला चिकटून राहते, आणि इथे तसे होऊच दिले जात नाही.

हिशेबाविषयी थोडक्यात सांगते. सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार त्याला हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. केंद्राचा नोंदणी क्रमांक दारावरच आहे, लेखापरीक्षित ताळेबंद सूचनाफलकावर लावलेला असतो, आणि देणगीची पावती न मागता मिळते. कोणत्याही सेवाभावी संस्थेत नाव घालण्यापूर्वी एवढे तरी पाहावे.

मला सर्वांत अधिक मिळाले ते दर तीन महिन्यांनी एका शनिवारी होणाऱ्या इतिहासाच्या सत्रांतून. तिथे मुलांना, त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत, हे नृत्य कोणाचे होते ते सांगितले जाते. आपण रंगमंचावर पाहतो ते भरतनाट्यम पिढ्यान्‌पिढ्या देवदासींनी आणि त्यांच्या नट्टुवनार गुरूंनी जपलेल्या सदिर या नृत्यातून आले. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रास इलाख्यात १९४७ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. त्याच सुमारास, १९३६ साली, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासमध्ये कलाक्षेत्र स्थापन केले आणि उच्चवर्णीय घरांतील मुलींसाठी या नृत्याची दारे उघडली. प्रथा बंद होणे आवश्यकच होते, पण ज्या स्त्रियांनी ही कला जिवंत ठेवली त्यांच्यापैकी बहुतेकींच्या वाट्याला रंगमंच उरला नाही. बालसरस्वतींसारख्या परंपरागत घराण्यातील कलावतीला जगभर मान मिळाला, परंतु तसे भाग्य फार थोड्यांचे. हे सांगून झाल्यावर ताई म्हणाल्या, “म्हणून आपल्या वर्गात कोण यावे आणि कोण येऊ नये, हे ठरवण्याचा हक्क आपल्याला नाही.” केंद्राच्या शुल्कपद्धतीमागचे कारण मला त्या दिवशी नीट उमगले.

याच सत्रांत तमिळनाडूतील तंजावरच्या मराठा राजांचा विषय निघाला, आणि मराठी माणूस म्हणून मी अक्षरशः सरसावून बसले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते, ज्यांनी आरंभीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंतचा नृत्यप्रयोगाचा आजचा क्रम रूढ केला. त्याच दरबारात नृत्यासाठी मराठी निरूपणे रचली गेली: एकच कथा घेऊन तिच्याभोवती शब्द, वर्ण, पद, तिल्लाना या नावांच्या रचना गुंफलेल्या. आचार्य पार्वतीकुमार यांनी मुंबईत या निरूपणांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. केंद्रातील वरच्या तुकडीला त्यांतील एक पद शिकवतात. इतर वर्गांत माझी मुलगी तेलुगू आणि तमिळ पदांचे अर्थ वहीत उतरवून पाठ करणाऱ्या मुली पाहत आली होती. इथे पहिल्यांदा पदाचा शब्द कानावर पडताच मुलींच्या चेहऱ्यावर भाव उमटलेला मी पाहिला. त्या पदाची मराठी जुनी आहे, काही शब्दांचे अर्थ ताईंकडून समजून घ्यावे लागतात, तरीही फरक लगेच जाणवतो.

परीक्षांबाबत केंद्राची भूमिका सर्वांना रुचेलच असे नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांना मुलांना बसवतात, पण मूल तयार आहे असे ताईंना वाटल्यावरच. शास्त्रीय कलांच्या परीक्षांमुळे दहावीत सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीच्या पालकांची घाई समजण्यासारखी आहे. मीही त्यांतलीच होते. या वर्षी माझ्या मुलीचा अर्ज ताईंनी थांबवला, कारण तिचा अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याची मूळ स्थिती, नीट बसत नव्हता. मला त्या दिवशी वाईट वाटले. परंतु पुढच्या चार महिन्यांत तिच्या मांड्यांत आलेली ताकद पाहता निर्णय योग्य होता, असे मी आज मान्य करते.

आता उणिवा. वर्गाची फरशी कोटा लादीची आहे आणि खाली सरळ काँक्रीट. भरतनाट्यममध्ये पाऊल आपटण्याचे काम सतत असते, आणि न दबणाऱ्या जमिनीचा धक्का थेट नडगीवर आणि गुडघ्यावर येतो. ऑगस्टमध्ये माझी नडगी इतकी दुखू लागली की तीन आठवडे बसून हस्तमुद्रा आणि ताल एवढेच करावे लागले. आम्ही काही जणींनी लेखी विनंती केल्यावर दिवाळीनंतर अर्ध्या भागात लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड बसवले, पण तो भाग लहान मुलांना आधी मिळतो, आणि तसेच व्हायला हवे. मानधन कमी असल्याने शिक्षिका टिकत नाहीत. प्रौढांच्या तुकडीने दहा महिन्यांत दोन ताई पाहिल्या, आणि दोघींच्या अडवूंच्या पद्धतीत फरक असल्याने आम्हाला हातांच्या रेषा पुन्हा शिकाव्या लागल्या. न्यासाने देणगीतील मोठा वाटा पोशाखांपेक्षा मानधनावर खर्च करावा, असे मी वार्षिक सभेत सांगितले आहे.

या सगळ्यांपेक्षा मला खुपते ते जिन्याचे. इमारतीला उद्वाहन नाही. आमच्या तुकडीत नाव घातलेल्या एक सत्तर वर्षांच्या आजी गुडघ्यांमुळे दोन महिन्यांत यायच्या थांबल्या, आणि चाकाच्या खुर्चीवरचे मूल तर इथे पोहोचूच शकत नाही. सर्वांसाठी दार उघडे ठेवणे हेच ज्या संस्थेचे प्रयोजन, तिच्या दाराशी वीस पायऱ्या असाव्यात, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. तळमजल्यावरील एका रिकाम्या खोलीसाठी इमारतीच्या सोसायटीशी बोलणी चालू आहेत. खोली मिळाली तर आठवड्यातून दोन दुपारी बसून करण्याच्या अभिनयाचा वर्ग तिथे सुरू करण्याचे विश्वस्तांनी मान्य केले आहे. आजींना मी तसे कळवले आहे, आणि जूनच्या प्रवेशासाठी त्यांचा अर्ज माझ्या अर्जासोबतच भरून ठेवला आहे.